उत्तरांची खिडकी



वागळे इस्टेटच्या कारखान्यांपुढे दारसभा घेता घेता जे कानावर पडले तेवढेच आमचे शिक्षण. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारांतून माणसे पडून प्राणास मुकली. त्यानंतर एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, एका अधिकृत निवेदनाखाली कल्याण-डोंबिवलीच्या चाकरमान्यांनी शेकडो उत्तरे लिहिली. ती गोळा करून अर्जाला जोडावी, असे आम्ही ठरविले.

यासाठी एपीआय नावाची खिडकी असते. तेथे माणसाऐवजी आपला प्रोग्रॅम मागणी करतो. मूळ मजकुराचा जो क्रमांक, तोच संवादक्रमांक म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरावर, उत्तराच्या उत्तरावरही, असतो. ही सोय २०२० सालच्या नव्या आवृत्तीत आली. तो क्रमांक देऊन शोध घ्यायचा. एका खेपेस फार तर १०० उत्तरे हाती पडतात. पुढच्यांसाठी मिळालेली खूण दाखवून पुन्हा रांगेत. रेशनचेच दुकान म्हणा ना!

२०२३ साली फुकट वाचण्याची वाट जवळजवळ बंद झाली. आम्ही गेलो तेव्हा दर होता महिना २०० डॉलर. आम्ही वर्गणी काढली. ती जमेतो नववा दिवस उजाडला, आणि साध्या शोधात मागचे सातच दिवस येतात! पहिल्या दोन दिवसांचा संताप, जो खरा, तोच खिडकीतून मिळेना.

पडद्यावर मात्र तो दिसत होता. दोन पोरांनी रात्री जागून गाडी, वेळ, स्टेशन वहीत उतरवले. नावे आम्ही उतरवू दिली नाहीत. त्यांतले पुष्कळ नोकरीवर आहेत.