औषधांचा पुरवठा आणि औषधांचा वापर
(आवडी येथील भाषण)



ज्या आवडीत १९५५ साली काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तेथे औषधांचा प्रश्न चर्चेस घेणे अस्थानी नाही. पिंपरीचा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना १९५४ चा. सोव्हिएत साहाय्याने हृषीकेश व हैदराबाद येथे कारखाने उभारणारी आयडीपीएल १९६१ ची. हाथी समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली व व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्यास सुचविले. कंपन्यांच्या विरोधापुढे ती शिफारस बारगळली. आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला.

तामिळनाडूने मात्र एक गोष्ट करून दाखविली. १९९४ साली स्थापन झालेले राज्याचे वैद्यकीय सेवा महामंडळ यादीतील औषधे मूळ नावाने, एकत्रित निविदा काढून उत्पादकांकडून घेते. नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पासबुक असते. नेमून दिलेल्या रकमेच्या मर्यादेत, आपल्या गरजेप्रमाणे ते जिल्हा गोदामातून औषधे उचलते. याच धर्तीचे प्राधिकरण कायद्याने स्थापण्यास महाराष्ट्रात २०२३ साल उजाडावे लागले!

परंतु गोदाम भरले म्हणजे वापर शास्त्रशुद्ध झाला असे नव्हे. साध्या सर्दीवर प्रतिजैविक, थकव्यावर सलाईन, जुलाबावर क्षारसंजीवनीऐवजी भारी गोळ्या, हे सरकारी औषधांनीही घडू शकते. रुग्णच सुई मागतो, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. मजुरी बुडवून आलेल्याला उद्या कामावर उभे राहावयाचे असते, आणि रांगेपुढे बसलेल्या एकट्या डॉक्टरला समजावून सांगण्यास उसंत नसते.

म्हणून मोजणी हवी. रणगाडे बांधणाऱ्या या गावच्या कामगारांना मोजमापाचे महत्त्व सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली पाच मापे दिली: दर रुग्णामागे सरासरी औषधे किती, मूळ नावाने किती लिहिली, प्रतिजैविक किती जणांना, सुई किती जणांना, आणि अत्यावश्यक यादीतील औषधे किती. एका केंद्रासाठी शंभर केसपेपर पुरतात. रुग्णांची नावे वगळून केलेली ही मोजणी प्रथम डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांच्यासमोर मांडावी. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा उद्योग नव्हे. रिक्त पदांचा हिशेबही त्याच बैठकीत व्हावा. सहा महिन्यांनी पुन्हा शंभर केसपेपर काढावेत.