काळा म्हणजे कोणता काळा?

(गटाच्या शिबिरात, छायाचित्र-प्रदर्शनाच्या तयारीच्या सत्रात केलेले भाषण)



मी प्रिंटरवर बोलणार म्हटल्यावर दोघीतिघी हसल्या. हसू द्या. पण गेल्या वर्षी बचतीच्या पैशातून घेतलेल्या आपल्या प्रिंटरने एका मावशींच्या आईचा फोटो हिरवा करून दिला, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. त्यांच्याकडे आईचा तेवढा एकच फोटो. जत्रेत काढलेला, कोपरे झिजलेले. आपण तो स्कॅन केला, डाग काढले, पडद्यावर छान दिसला. कागदावर आला तो शेवाळ चढल्यासारखा. मावशी ‘राहू दे बाई’ म्हणाल्या आणि पदराआड घेऊन गेल्या.

दुकानदाराने ‘यावर फोटो निघतात’ सांगितलं, ते खोटं नव्हतं. काळेपांढरे निघतात का, हे आपण विचारलंच नाही. नवऱ्याला, भावाला विचारून घेऊ म्हणणाऱ्याही होत्या आपल्यात. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं!

झालं असं. स्वस्तातल्या शाईच्या प्रिंटरमध्ये चार रंग असतात: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. त्यातली काळी शाई बऱ्याच यंत्रांत पिगमेंटची, म्हणजे बारीक भुकटीची असते. साध्या कागदावर ती ठसठशीत उठते, पण चकचकीत फोटो-कागदात ती मुरत नाही, वरच राहते. म्हणून फोटो-कागद निवडला की यंत्र काळी शाई बाजूला ठेवतं आणि उरलेल्या तिन्ही रंगांच्या मिश्रणातून काळं-करडं बनवतं. मिश्रण जरा बिनसलं की कुठे हिरवी, कुठे जांभळी झाक. शिवाय ट्यूबलाइटखाली ठीक दिसलेला फोटो अंगणात नेला की वेगळाच दिसतो.

मग घ्यायचा कोणता? माझं मत, ज्यात करडी शाई वेगळी असते तो. करडा रंग तीन रंगांच्या भांडणातून काढावा लागत नाही, त्यामुळे झाक खूप कमी होते. टाकीवाल्या यंत्रांत कॅननच्या जी ५७०मध्ये करडी आणि लाल धरून सहा शाया आहेत. एप्सनच्या एल ८१८०मध्ये करडी आहे, फोटोची काळी आणि साध्या कागदाची काळी वेगवेगळ्या आहेत, आणि ए-३हून थोडा मोठा कागद चालतो. पण ते आपल्या ऐपतीबाहेरचं आहे. एप्सनच्या एल ८०५०मध्येही सहा शाया आहेत, पण जादाच्या दोन म्हणजे फिका निळा आणि फिका किरमिजी. रंगीत फोटोला उत्तम. आपल्या कामाला मी त्याला दुसरा नंबर देईन.

कार्ट्रिजचं यंत्र स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका. कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम काही मिलिलिटर. टाकीच्या बाटलीत, उदाहरणार्थ एल ८०५०च्या, ७० मिलिलिटर. आणि बाजारात सुटी मिळणारी शाई भरली की झाक परत आलीच म्हणून समजा.

दुकानात जाताना आपला एक काळापांढरा फोटो पेनड्राइव्हवर न्या. त्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या छटांची एक पट्टीही ठेवा. फोटो-कागदावर छापून मागा, कागदाचे पैसे द्या, आणि दुकानाबाहेर उन्हात उभ्या राहून बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आहे तो प्रिंटर विकायची घाई नको. मॅट कागद घालून, कागदाच्या जागी साधा किंवा मॅट निवडून ‘ग्रेस्केल’ केलं, तर बहुतेक वेळा नुसती काळी शाई वापरली जाते. फिक्या भागात, गालांवर वगैरे, थोडे ठिपके दिसतात, पण झाक येत नाही. भिंतीवर लांबून बघायच्या फोटोंना हे चालेल. १९७२-७३च्या महागाईविरोधी लाटणे मोर्च्यांचे फोटो काळेपांढरेच आहेत. तसले फोटो गर्दीचे असतात, त्यात ठिपके खपून जातात. एकट्या चेहऱ्याला नाही खपत.

ए-४ कागदभर फोटो हवा असेल तर स्कॅन साधारण २४८० बाय ३५०८ बिंदूंचा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो घेऊन ‘मोठा करून द्या’ म्हणू नका, मूळ फोटोच मागून आणा. आणि वर्षाला वीसपंचवीसच फोटो लागणार असतील, तर यंत्र न घेता लॅबमधून काढून आणणं स्वस्त, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. आपल्याकडे मात्र वस्तीतल्या बायकांचे जुने फोटो येतच राहणार आहेत.

शेवटचं. हे यंत्र बंद पडून राहिलं की शाई तोंडाशी वाळते, मग साफसफाईतच निम्मी शाई जाते. आठवड्यातून एकदा नोझल-तपासणीचं एक पान काढायला हवं. सोमवारची पाळी कुणाची, ते चहाच्या आधीच ठरवून टाकू या.