रानात जाताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, घर नि शेत सांभाळणारी बाई आहे. पण चार शब्द बोलाच, असा आग्रह झाला, म्हणून रोजच्या विषयावरच बोलते.

माझा मुलगा मित्रांबरोबर राजगड-तोरण्याला जातो. पाठीवरच्या पिशवीत बॅटरी, शिट्टी, पाणी, मलमपट्टी सारे आठवणीने भरतो. आणि आपण? खुरपे नि फडक्यातली भाकरी घेतली की निघालो! आपल्याला डोंगर चढायचा नाही, म्हणून आपले रान का निर्धोक आहे?

घोड नि भीमेच्या पाण्यावर शिरूर-दौंडकडे ऊस वाढला. घरात चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण त्याच उसात बिबट्याला आडोसा, पाणी नि कुत्री-डुकरे मिळतात. मादी तिथेच विते. त्याच्या लेखी ऊस हेच जंगल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन लेकरे नि एक आजीबाई बळी पडल्या. पुढे तिथल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. भगिनींनो, मंगळसूत्राशेजारी खिळ्यांचा पट्टा! ऐकून काळजात चर्र होते.

घाबरून घरी बसणे आपल्याला परवडत नाही. तेव्हा शिदोरीबरोबर रानाची पिशवीही भरावी. तीत बॅटरी, शिट्टी, पाणी नि स्वच्छ फडके असावे; हातात घुंगराची काठी, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. बिबट्या बहुधा मागून येऊन मान धरतो. बसलेले वा ओणवे माणूस त्याला लहान सावज वाटते. म्हणून खुरपताना एकटे राहू नये. दोघीतिघींनी मोठ्याने बोलत काम करावे, एकीने उभे राहून नजर ठेवावी. तान्ह्याची झोळी उसाच्या कडेला बांधू नये. अंधारात शौचाला एकटे जाऊ नये. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. हात वर करून ओरडत मागे सरावे. ऊसतोडीत पिल्ले सापडली तर उचलू नयेत, आई जवळपास असते. सर्वांनी दूर होऊन वनखात्याला १९२६ वर कळवावे.

दुसरा वैरी साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विशेष विषारी. सर्पदंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. हाताला चावला असेल तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात. सूज आली की त्या रुततात. जीव वाचवण्यासाठी बांगडी उतरवली, त्यात अपशकुन कसला? हात हलू न देता १०८ ची गाडी बोलवावी नि दवाखाना गाठावा. सर्पविषावर औषध तिथेच मिळते.

एक गोष्ट मात्र पिशवीत मावणारी नाही. रात्रीची वीज असली की घरचे माणूस अंधारात उसाला पाणी द्यायला जाते, नि आपण दाराकडे डोळे लावून बसतो. शेतीला वीज दिवसाच मिळावी, असा ठराव मंडळाने आजच करावा, अशी माझी सूचना आहे. पहिली सही मी करते.