टपालाची पिशवी आणि मतभेदाचा हक्क

(चेन्नई येथील मराठी भाषिक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या शहराच्या किनाऱ्यालगत, राजाजी सालईवर, मुख्य टपाल कार्यालयाची १८८४ सालची लाल इमारत आजही उभी आहे. तेथून जवळच, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बंदरातील तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. त्या तोफा थोड्याच वेळात शांत झाल्या. परंतु युद्धाच्या नावाने जनतेच्या पत्रांवर पडलेला सरकारी हात मात्र उठला नाही. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

पत्रे अडविण्याचा अधिकार साम्राज्यशाहीने १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने स्वतःकडे घेतला. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी हा कायदा झाला. 'सार्वजनिक आणीबाणी' हे त्याचे निमित्त. महायुद्धाने ते आयतेच पुरविले. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रे उघडली जात आणि त्यांतील उतारे इंग्रजीत उतरविले जात. त्या पत्रांचा पहिला वाचक घरची आई नव्हती, सरकारी अनुवादक होता. माझ्यासारख्या अनुवादकाला ही गोष्ट विशेष बोचते. सैनिकांनीही तोड काढली: स्वतःला 'काळी मिरी' आणि गोऱ्या शिपायांना 'लाल मिरची' म्हणून ते मरणाचा हिशेब घरी कळवीत.

युद्ध १९१८ साली संपले. पत्रे उघडणे संपले नाही. १९२४ च्या कानपूर कट खटल्यात पोलिसांनी अडविलेली पत्रे हाच मुख्य पुरावा होता. मुंबईचे कॉ. डांगे यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. आदल्याच वर्षी येथील समुद्रकिनाऱ्यावर मे दिन साजरा करणारे मद्रासचे सिंगारवेलु हेही आरोपी होते. आजारपणामुळे त्यांच्यावर खटला चालला नाही. युद्धासाठी धार लावलेले शस्त्र शांततेत कोणावर चालते, हे यावरून स्पष्ट होते.

१९३९ साली पुन्हा युद्ध आले आणि त्याबरोबर भारत संरक्षण नियम आले. युद्धविरोधी प्रचार करणारे पी. राममूर्ती, मोहन कुमारमंगलम, सी. एस. सुब्रमण्यम, आर. उमानाथ हे १९४०-४१ च्या मद्रास कट खटल्यात आरोपी झाले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. पुढल्याच महिन्यात 'भारत छोडो' म्हणणाऱ्यांची तोंडे त्याच नियमांनी बंद करण्यात आली. त्या वेळी आपले मत त्यांच्याहून वेगळे होते. तथापि ज्याचे मत आपल्याला मान्य नाही त्याचेही पत्र सुरक्षित राहिले पाहिजे, हा धडा आपण प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे.

टपालाची पिशवी वाहणाराही कामगारच आहे, याचा विसर पडू नये. युद्धकाळातील महागाईने पिचलेल्या टपाल कामगारांनी जुलै १९४६ मध्ये मुंबईत संप पुकारला आणि २२ जुलै रोजी त्यांच्या पाठिंब्यासाठी शहराने हरताळ पाळला.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न सुटला नाही. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने मार्च १९५० मध्ये प्रांतबंदी केली. रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. विचार छापता येतो पण वाचकापर्यंत पोहोचविता येत नाही, तर ते स्वातंत्र्य पोकळ होय, असाच न्यायालयाच्या २६ मे १९५० च्या निकालाचा आशय होता. पुढल्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून सरकारने 'सार्वजनिक सुव्यवस्थे'चे कुंपण घातले.

१८९८ चा कायदा आता रद्द झाला आहे. त्याच्या जागी २०२३ चा टपाल कायदा आला आहे. पण त्याच्या ९ व्या कलमात टपाल अडविण्याचा आणि उघडण्याचा अधिकार कायम आहे. कायद्याचे नाव बदलले, वृत्ती तीच राहिली.

कॉम्रेड्स, युद्धात देशाचे रक्षण करावे लागते, हे कोणी नाकारीत नाही. परंतु तोफा थंडावल्यावर हे अधिकार परत कोण मागणार? सरकार ते आपणहून देत नाही. ते संघटित जनतेनेच मागावे लागतात. आणि ही मागणी युद्ध पेटण्यापूर्वीच, आजच करावयाची असते.