निंबोळी अर्काचे कार्य
कडुनिंबाच्या बियांतील अझाडिरॅक्टिन हे संयुग इंग्लंडमधील बटरवर्थ व मॉर्गन या संशोधकांनी, त्याचा लेप दिलेले अन्न वाळवंटी टोळ टाळतात या गुणाचा माग घेत, १९६८ मध्ये वेगळे केले. ते किडीला तत्काळ मारत नाही. तिचे खाणे मंदावते आणि कात टाकण्यास आवश्यक असलेल्या एक्डायसोन या संप्रेरकाच्या, म्हणजे शरीरातील रासायनिक संदेशवाहकाच्या, कार्यात अडथळा येऊन अळीची वाढ खुंटते. म्हणूनच फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या न दिसल्यास अर्काला निष्फळ ठरवणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. महाराष्ट्रात प्रचलित असलेला ५ टक्के अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून केलेले १०० लिटर द्रावण, सायंकाळी फवारणे हितावह असते, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी अझाडिरॅक्टिनचे लवकर विघटन होते.