शाळा शिकवणार नाही, मग धम्म शिकवणार कोण?



आपण सेवाग्रामची माणसं. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम'ची योजना आली. त्या योजनेत धर्माचा तास नव्हता. धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्याने एकीपेक्षा भांडणेच वाढतील, अशी गांधीजींना भीती होती. बाबासाहेबांचे त्यांच्याशी असलेले मतभेद आपण विसरलेलो नाही. पण ही भीती खोटी नव्हती.

पुढे संविधानात कलम २८ आले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा पूजेला बसवता येत नाही.

बाहेर काय चालते? बांगलादेशात १९८८ पासून इस्लाम राजधर्म आहे. तरी तिथल्या बौद्ध मुलांसाठी बौद्ध धर्माचे सरकारी पाठ्यपुस्तक आहे. मलेशियातही इस्लाम अधिकृत धर्म. शाळेत मुस्लिम मुलांना इस्लामचा तास, इतरांना नीतिशिक्षणाचा. बौद्ध मुले धम्म शिकायला रविवारी विहारात जातात.

आपल्याकडे सक्ती नाही, तसा तासही नाही. म्हणजे जबाबदारी सगळी आपलीच.

खरं सांगायचं तर रविवारी आपला धम्मवर्ग अर्धा रिकामा असतो. पोरं ट्युशनला. पंचशील तोंडपाठ, पण अर्थ विचारला की मान खाली! मागे एका मुलीला शाळेत सरस्वतीपूजनासाठी नारळ आणायला सांगितलं. तिनं घरी विचारलं, "आपण का करत नाही?" आईबापांना उत्तर देता आलं नाही. आपण सारे शाळेवर रागावलो. पण ते उत्तर तिला आधी आपण कोणी दिलं होतं का?

म्हणून आज एवढंच ठरवू या. रविवारचा एक तास विहाराचा. पोरांसोबत आईबापांनीही बसायचं. शील अर्थासह शिकवायचं. शेजाऱ्याची ईद काय, दिवाळी काय, तेही नीट सांगायचं. टिंगल मात्र करायची नाही. नाहीतर १९३७ ची ती भीती आपल्याच विहारात खरी ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम!