उंदीर, खारी आणि शंभर वर्षांपूर्वीची वही



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत शास्त्र शिकवीत असत. मी जन्मभर मराठी शिकविले. त्यामुळे ‘बदलते हवामान आणि रानातील लहान सस्तन प्राणी’ हा विषय मी कळविला, तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य रास्तच होते. हा विषय मी का निवडला ते ओघात येईल. त्यात माझी एक चूक गुंतलेली आहे.

फार मोठा खटाटोप करून क्षुल्लक काही हाती लागले की आपण ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असे म्हणतो. आज मी ज्या गृहस्थाविषयी बोलणार आहे, त्याने अक्षरशः हेच केले, आणि तेच त्याचे मोठेपण ठरले. जोसेफ ग्रिनेल हे त्याचे नाव. १९०८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात पृष्ठवंशीय प्राण्यांचे एक संग्रहालय उभे राहिले, त्याचा तो पहिला संचालक. पैसा पुरविला ॲनी अलेक्झांडर या बाईंनी. त्यांची संपत्ती साखरेच्या व्यवसायातून आलेली होती. (साखरेचा पैसा उंदरांच्या अभ्यासाकडे वळल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. आपल्या भागात तर नाहीच नाही.)

ग्रिनेल आणि त्याचे सहकारी १९१४ ते १९२० या काळात योसेमिटीच्या परिसरात फिरले. पश्चिमेकडील सखल मैदानापासून सिएरा नेवाडा पर्वताची रांग ओलांडून पलीकडच्या मोनो सरोवरापर्यंत त्यांनी एक पट्टा आखला आणि त्या पट्ट्यात निरनिराळ्या उंचीवर मुक्काम करून सापळे लावले. सायंकाळी सापळे मांडायचे, पहाटे पाहायचे, आणि त्याच दिवशी वही लिहायची, असा शिरस्ता. वहीत तारीख, स्थळ, उंची, हवा, झाडोरा, सापळ्यांची संख्या आणि कोणत्या सापळ्यात काय सापडले, एवढे यायलाच हवे. कागद व शाई टिकाऊ असावी याबद्दल ग्रिनेल कमालीचा हट्टी होता. या संग्रहाचे खरे मोल आपल्या हयातीत नव्हे, कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असे त्याने १९१० सालीच लिहून ठेवले होते. त्याच्या डोळ्यांपुढे होती ती वाढती वस्ती, शेती आणि नांगराखाली जाणारी जमीन. पृथ्वी तापेल हे त्याच्या स्वप्नातही नसावे.

२००३ साली त्याच संग्रहालयातील संशोधकांनी या वह्या उघडल्या आणि २००६ पर्यंत त्याच ठिकाणी पुन्हा सापळे लावले. योसेमिटीची निवड फार विचारपूर्वक झाली होती. हे क्षेत्र १८९० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे शेती झाली नाही, शहर वसले नाही. म्हणजे प्राण्यांत काही बदल दिसला तर त्याचे खापर जंगलतोडीवर फोडता येणार नाही. या मधल्या काळात तेथील किमान तापमान मात्र सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढले होते.

२००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यासलेल्या २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या वसतिस्थानाची सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकलेली होती. सखल भागात राहणाऱ्या काही जाती वर चढल्या आणि त्यांचा मुलूख वाढला. उंचावर राहणाऱ्यांची खालची सीमा वर सरकली आणि त्यांचा मुलूख आटला. डोंगर वर निमुळता होत जातो, हे भूगोलाच्या पहिल्या धड्यातले वाक्य येथे भयंकर अर्थाने खरे ठरते. पाचशे मीटर वर चढलेल्या प्राण्याला तेवढीच जमीन मिळत नाही. शिवाय एका शिखरावरच्या कळपाला दुसऱ्या शिखरावर जायचे तर मध्ये उबदार दरी आडवी येते. शिखरे बेटे होतात.

चिपमंक नावाची एक छोटी पट्टेवाली खार आहे. आपल्या अंगणातल्या खारीची दूरची बहीणच म्हणा. तिच्यातील अगदी उंचावर राहणाऱ्या जातीची खालची सीमा ६०० मीटरहून अधिक वर गेली. ग्रिनेलच्या माणसांनी जपून ठेवलेल्या कातड्यांतून पुढे तिची आनुवंशिक द्रव्ये तपासली गेली आणि आजच्या खारींशी ताडून पाहिली, तेव्हा तिच्यातील वैविध्यही घटल्याचे दिसले. तिचीच एक सख्खी बहीण, पाइनच्या रानात राहणारी, जवळपास होती तेथेच आहे. एकाच डोंगरावर, एकाच उन्हात एक हलली आणि दुसरी हलली नाही. म्हणून ‘तापमान वाढले, सर्व प्राणी वर गेले’ असे सुटसुटीत वाक्य जो उच्चारील, त्याच्यावर विद्यार्थ्यांनी विश्वास ठेवू नये.

या संशोधकांची एक सावधगिरी मला विशेष भावली. सापळ्यात उंदीर सापडला नाही, म्हणजे तो तेथे नव्हता असे ते धरून चालत नाहीत. किती रात्री, किती सापळे लावले होते हे पाहून, तो असूनही निसटला असण्याची शक्यता किती, याचे ते गणित मांडतात. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा धडा उशिरा कळला. पोथीत शब्द आढळला नाही, एवढ्यावरून तो त्या काळी बोलण्यात नव्हता असे ठोकून देणारे प्रबंध मी तपासले आहेत. एक स्वतः लिहिलाही आहे.

या पर्वतावर पायका नावाचा एक प्राणी दगडांच्या राशीत राहतो. दिसायला उंदीर, कुळाने ससा. हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत. तो हिवाळ्यात झोपून राहत नाही. उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून, दगडांखाली त्याची गंजी रचून ठेवतो. थंडीसाठी घडविलेले हे शरीर. दाट लोकर, आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची ताकद बेताची. दगडाखालच्या गारव्याला जाऊ न देता त्याला २६ ते २९ अंशांत काही तास ठेवले तर तो मरू शकतो. आपल्या चैत्रातील एक दुपार त्याला पुरे आहे.

याउलट मोहावीच्या वाळवंटाची कथा. तेथेही ग्रिनेलच्या काळच्या नोंदी होत्या. तेथे एकेका ठिकाणच्या पक्ष्यांच्या जाती सरासरी ४३ टक्क्यांनी घटल्याचे २०१८ साली दिसून आले. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच वाळवंटातील लहान सस्तन प्राणी बहुतांशी टिकून असल्याचे आढळले. कारण साधे आहे. उंदीर दिवसा बिळात असतो आणि रात्री बाहेर पडतो. उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला अंग थंड ठेवण्यासाठी पाणी खर्च करावे लागते, आणि वाळवंटात पाणी कोठून आणायचे? हातभर खोल बीळ हे केवढे मोठे कवच आहे!

कवच नसले तर काय होते ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, टोरेस सामुद्रधुनीतील ब्रॅम्बल के या बेटावर दिसले. हे बेट कसले, वाळूचा ढिगारा. समुद्रसपाटीपासून जेमतेम ३ मीटर उंच. मेलोमिस नावाच्या उंदराची एक जात जगात केवळ येथेच होती. १९७८ साली तेथे काही शेकडा उंदीर असावेत असा अंदाज होता, १९९८ साली तो नव्वदीच्या आसपास आला. वाढत्या समुद्राचे पाणी वारंवार बेटावर चढले आणि झाडोरा जळाला. २००४ साली २.१६ हेक्टर असलेली हिरवळ २०१४ च्या मार्चमध्ये ०.०६५ हेक्टर उरली. शेवटचा उंदीर २००९ मध्ये एका कोळ्याने पाहिला. २०१४ मध्ये कसून शोध झाला, एकही मिळाला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या शासनाने ही जात नामशेष झाल्याचे मान्य केले. मानवनिर्मित हवामानबदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याला चढायला डोंगर नव्हता.

हे सारे परदेशातले, आपला संबंध काय, असे कोणी विचारील. ग्रिनेल जेव्हा सिएरा नेवाडात सापळे लावीत होता, त्याच सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती. १९११ साली ती सुरू झाली खानदेशात. पुढे धारवाडही त्यात आले. या कामामागे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेले राउटन होते. त्यांचेच नाव धारण करणारे एक मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ १९१३ साली ओल्डफील्ड थॉमस यांनी वर्णिले, ते आपल्याच खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतले. (वटवाघूळ हा पक्षी नव्हे, हे शाळेत सांगायला नको, सभागृहात मात्र सांगावे लागते.) दीर्घ काळ जगात अन्यत्र त्याची नोंद नव्हती, पुढे मेघालयात आणि कंबोडियात ते आढळले. त्या पाहणीत जमविलेली कातडी व कवट्या मुंबईत आणि लंडनमध्ये जपलेल्या आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर गाव आहे, तारीख आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो. सर शास्त्राच्या खोलीत एक रजिस्टर ठेवीत. पाऊस किती पडला हे तर ते रोज लिहीतच; पण मृगाआधी शाळेच्या आवारात घुशीची किती बिळे मोजली, चिचुंद्री कोणत्या महिन्यात वर्गात शिरली, मागच्या वडाला फळे आली तेव्हा वटवाघळे किती उतरली, असलेही लिहीत. आम्ही मुले हसत असू. अशी बरीच रजिस्टरे साठली होती. जुनी इमारत पाडावयाची ठरली, तेव्हा कपाटे आवरण्यासाठी माजी विद्यार्थ्यांची एक समिती नेमली गेली. तिच्यात मी होतो. हस्तलिखित मासिके मी हट्टाने बाजूला काढली. ती आज आपल्या ग्रंथालयात काचेआड आहेत. रजिस्टरे चाळून मी म्हणालो, यात वाङ्मयीन असे काही नाही. ती रद्दीत गेली.

त्यांतील एक नोंद मला आजही आठवते. वळिवाचा पाऊस मुळीच आला नाही, आवारात घुशीचे एकही ताजे बीळ नाही, असे सरांच्या ठाशीव अक्षरात होते, आणि पुढे, ‘पुढील वर्षी पुन्हा पाहावे.’ महिना वैशाख होता, एवढे नक्की. वर्ष मात्र कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही. वर्षावाचून ती नोंद कोणत्याही अभ्यासकाच्या उपयोगाची नाही.